मुसावादा वेरमणी आणि घराचा सौदा



मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी पंचशीलातील एकेका शीलावर कुणीतरी बोलावे असे ठरले. चौथे शील माझ्या वाट्याला आले. मी शाळामास्तर. खोटे बोलू नये, हे मुलांना सांगण्यात माझी बारा वर्षे गेली. तेव्हा हे काम सोपे आहे असे मला वाटले. पण टिपण काढायला बसलो आणि मला मीच विकलेल्या घराचा स्लॅब आठवला. त्या रविवारी जे बोललो ते थोडे वाढवून येथे देत आहे. आपल्यातली पुष्कळ कुटुंबे आज पहिले घर घेण्याच्या खटपटीत आहेत आणि आपलीच काही मुले घरे विकून देण्याच्या धंद्यात उतरली आहेत. दोघांनीही हे वाचावे अशी विनंती आहे.

घर म्हणजे आपल्याला काय, हे मी वेगळे सांगायला नको. बॅरिस्टर होण्यापूर्वीच परदेशच्या विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ साली बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत आसरा घेतला, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. माझे वडील गिरणीत होते. त्यांचे सारे आयुष्य भाड्याच्या एका खोलीत गेले. घराण्यात पहिली पदवी माझी आणि पहिले स्वतःचे घरही माझेच. नागपुरात तिसऱ्या मजल्यावरचा तो लहानसा फ्लॅट घेतला तेव्हा आई उंबरठ्यावर बसून रडली होती.

त्या फ्लॅटवर थेट गच्ची होती. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात मागच्या खोलीच्या कोपऱ्यात, बीमला लागून, ओल उतरली. चौथ्या वर्षी थेंब पडू लागला. आम्ही खाली गंज ठेवत असू. रात्री पाऊस वाढला की गंज भरून वाहायचा, म्हणून मग बादली. गच्चीवर डांबर लावून पाहिले. एक पावसाळा टिकले. पुढे मुले मोठी झाली, जागा अपुरी पडू लागली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही तो फ्लॅट विकायला काढला.

एजंट आपलाच मुलगा होता. माझ्या हाताखाली शिकलेला, विहारात येणारा, बुद्धपौर्णिमेला भोजनदानात वाढपाला पहिला उभा राहणारा. त्याने घर पाहिले, मान वर करून तो कोपरा पाहिला आणि म्हणाला, “सर, आधी पुट्टी मारून रंग देऊन घ्या. घर मे महिन्यातच दाखवू. आणि लोक आले की तुम्ही बोलू नका, मी बोलतो.”

मी रंग दिला. लोक आले तेव्हा बोललो नाही.

घेणारे कुटुंब होते एका बस कंडक्टरचे. तो, त्याची बायको, म्हातारी आई आणि नववीत जाणारी मुलगी. त्यांनी नुकतीच दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतली होती. नव्या घरात बुद्धमूर्ती कोठे बसवायची, याची मायलेकींची चर्चा माझ्यासमोर चालली होती. म्हातारी मात्र सावध होती. तिने भिंतीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून विचारले, “गुरुजी, पावसाळ्यात कसं राहते हो घर?”

मी तोंड उघडायच्या आत एजंट म्हणाला, “आजी, वरचा मजला आहे. हवा अशी येते की पंखा लागत नाही.”

हवा येत होती, हे खोटे नव्हते. आजीने माझ्याकडे पाहिले. मी हसलो. बयाणा त्याच संध्याकाळी झाला.

मुलगी आमच्याच शाळेत आली. ऑगस्टमध्ये एके दिवशी मधल्या सुटीत मी पाहिले, तर ती वर्गाच्या खिडकीत वह्या उघडून वाळत घालत होती. पाने फुगून एकमेकांना चिकटली होती. शाई पसरली होती. मी विचारले, “काय झाले?” ती म्हणाली, “काही नाही सर, दप्तर ओलं झालं.” माझ्या घरात काय होते हे तिला ठाऊक होते आणि मला ते ठाऊक होते हेही बहुधा तिला कळले असावे. तरी ती बोलली नाही. शिक्षकाची अब्रू तिने राखली. गणिताची ती वही मला आजही दिसते.

मी एजंटकडे गेलो. रागाने गेलो, हे कबूल करतो. आपला दोष दुसऱ्याच्या माथी मारताना माणसाला राग लवकर येतो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “सर, मी खोटं काय बोललो?”

उपासकांनो, या प्रश्नापाशी आपल्याला थांबायचे आहे. आपण रोज त्रिसरण-पंचशील म्हणतो. चौथ्या शीलाचा अर्थ आपण मुलांना सांगतो, खोटे बोलणार नाही. बावीस प्रतिज्ञांतही ती प्रतिज्ञा आहे. मग ज्याने एक अक्षरही खोटे उच्चारले नाही, त्याने शील मोडले की नाही?

सरकारी कायदा काय म्हणतो ते आधी पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात कलम १७ मध्ये कपट म्हणजे काय ते सांगितले आहे. ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकणे हे कपट. म्हणजे पुट्टी आणि रंग हे कपटातच जाते. पण नुसते गप्प बसणे? त्याबद्दल तो कायदा एक घोड्याचे उदाहरण देतो. एक माणूस घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला ठाऊक आहे; तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नव्हे. पुढे तोच कायदा म्हणतो, घेणारी जर त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर त्या नात्यामुळे खोड सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. आणि तिसरे उदाहरण असे की, घेणारा म्हणाला, “तुम्ही नाही म्हटले नाही तर घोडा धड आहे असे मी समजेन,” आणि विकणारा तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणे म्हणजे बोलणेच.

दीडशे वर्षांपूर्वीचे हे तीन लहानसे दाखले, पण माणसाचे मन त्यांत पुरते उघडे पडले आहे. परक्याला सांगायचे नाही, लेकीला सांगायचे. बाजाराचा सारा व्यवहार या एका भेदावर चालतो. आणि भगवान बुद्धांनी जी मेत्ता शिकवली ती नेमका हाच भेद पुसून टाकते. आई आपल्या एकुलत्या एका लेकराला जशी जपते, तशी भावना सर्व प्राणिमात्रांविषयी ठेवा, असे ती शिकवण सांगते. आपण ते सूत्र गोड चालीवर म्हणतो. घराच्या सौद्यात त्याचा अर्थ काय? घर घेणारा प्रत्येक माणूस माझी लेक आहे, असे समजून स्लॅबकडे बोट दाखवणे. माझ्या बाबतीत तर कंडक्टरची मुलगी पुढे खरोखरच माझ्या वर्गात येऊन बसली.

हे मी ओढूनताणून लावतो असे कुणी म्हणेल. म्हणून विनयातली गोष्ट सांगतो. नवदीक्षितांना ती ठाऊक नसण्याचा संभव आहे. भिक्खुसंघ दर पंधरवड्याला उपोसथासाठी एकत्र जमतो आणि पातिमोक्ख, म्हणजे संघाचे नियम, म्हटले जातात. आरंभीच सांगितले जाते की, ज्याच्या हातून दोष घडला असेल त्याने तो उघड करावा. दोष नसेल त्याने गप्प राहावे. गप्प राहिल्यास तो शुद्ध आहे असे समजले जाईल. तीन वेळा विचारणा होते. दोष आठवत असूनही जो तीन वेळा विचारल्यावर गप्प राहतो, त्याचे ते गप्प राहणे जाणूनबुजून बोललेले खोटे ठरते. तोंडातून शब्द निघालेला नाही. तरीही ते खोटेच. कारण समोरच्याने त्या गप्पपणाचा अर्थ काय घ्यायचा हे आधीच ठरलेले होते, आणि गप्प राहणाऱ्याला ते ठाऊक होते.

आता पुन्हा माझ्या मागच्या खोलीत चला. आजीने विचारले. एजंटने हवेचे सांगितले. मी हसलो. आजीने त्या हसण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला, आणि तिने तो घ्यावा म्हणूनच मी हसलो होतो. एजंटच्या प्रश्नाला उत्तर हे आहे. तू खोटा शब्द बोलला नाहीस, पण आजीच्या मनात तू खोटी गोष्ट तयार केलीस. मीही केली. शील जिभेपुरते नसते.

त्याच विनयात आणखी एक बारीक वाक्य आहे, त्याचा भाव असा की, दोष उघड केला म्हणजे उघड करणाऱ्यालाच बरे वाटते. याचा अनुभव मला पुढे आला. तो शेवटी सांगतो.

विकणारा म्हणून कायद्याने तर मी सरळ दोषी होतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, मालमत्तेतला जो मोठा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला नेहमीची काळजी घेऊनही दिसणार नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. न सांगणे म्हणजे कपट. मे महिन्यात रंगाखालचा स्लॅब कुणाला दिसणार? पण गंमत पाहा, हे कर्तव्य विकणाऱ्यावर आहे. मध्यस्थाचे तेथे नाव नाही. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला लोक ‘रेरा’ म्हणतात, एजंटाला प्रथमच कायद्याच्या चौकटीत आणले. त्याची नोंदणी झाली पाहिजे, त्याने खोटी माहिती देता कामा नये, घेणाऱ्याला मिळावयाची सर्व माहिती व कागदपत्रे मिळवून देण्यास त्याने साहाय्य केले पाहिजे. आपल्या राज्यात महारेराने २०२३ साली एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची केली. चांगली गोष्ट आहे. मात्र हा कायदा मुख्यतः बिल्डरच्या नोंदणीकृत नव्या बांधकामांसाठी आहे. नव्या इमारतीत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. माझ्या जुन्या फ्लॅटसारखे घर एकाने दुसऱ्याला विकले, तर तेथे या कायद्याचा हात फारसा पोचत नाही. तेथे उरते ते मध्यस्थाचे शील.

आमच्या विहारात हे बोलल्यावर एका तरुणाने उभे राहून विचारले, “एजंटला माहीतच नसेल तर?” प्रश्न रास्त आहे. बुद्धाचा धम्म हेतूला महत्त्व देतो. न कळत झालेली चूक आणि ठरवून केलेले पाप यांत फरक करतो. पण आपल्याला माहीत नसावे अशी ज्याने व्यवस्था करून ठेवली आहे, त्याचे काय? अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातला एक खटला या जागी सांगण्याजोगा आहे. १९७६ साली एका बाईने तेथे घर घेतले. ते नीट न दाबलेल्या भरावाच्या जमिनीवर बांधलेले होते आणि जमीन पूर्वी घसरलेली होती. थोड्याच काळात ती पुन्हा घसरली. एजंट म्हणाले, आम्हाला कुणी सांगितले नाही. पण त्यांच्यापैकी एकाने उतारावर घसरण थांबवण्यासाठी घातलेली जाळी पाहिली होती, जमीन सपाट नसल्याचेही दिसले होते. पाहिले, आणि पुढे विचारले नाही. १९८४ साली तेथील न्यायालयाने ठरवले की, एजंटाने घर नीट पाहिले पाहिजे आणि काळजीने पाहिल्यावर जे दिसेल ते घेणाऱ्याला सांगितले पाहिजे. ‘ठाऊक नव्हते’ एवढे पुरत नाही. पुढच्याच वर्षी त्या राज्याने तसा कायदा केला.

आमच्या एजंटनेही मान वर करून कोपरा पाहिलाच होता.

आता त्या मुलाची बाजू सांगतो, कारण तो वाईट नाही. त्याने मला सरळ सांगितले, “सर, मी दोष सांगितला तर मालक दुसरा एजंट धरतो. माझी दलाली बुडते. घरात कमावणारा मी एकटा. आणि दोन्हीकडून पैसे घेतो, मग मी नेमका कुणाचा माणूस?” शेवटचा प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला. विकणाऱ्याकडून टक्का, घेणाऱ्याकडून टक्का. घेणाऱ्याला वाटते की हा आपल्यासाठी घर शोधतो आहे. आपल्यातले लोक तर, विहारात भेटणारा पोरगा म्हणून, त्याच्यावर दुप्पट विश्वास टाकतात. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी खऱ्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत एक आहे, आपण जे ऐकलेले नाही ते तो आपल्याला ऐकवतो. घेणाऱ्याने जे ऐकलेले नाही तेच दडवायचे आणि वर त्याच्याकडून टक्का घ्यायचा, याला सम्यक आजीविका कसे म्हणावे? शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचा व्यापार उपासकाने करू नये असे आपण पाठ करतो. घराची दलाली त्या पाचांत नाही. म्हणून ती आपोआप शुद्ध होत नाही.

मी त्याला सेरिवाणिज जातकाची गोष्ट सांगितली. जातके म्हणजे पूर्वजन्मीच्या कथा, आणि बाबासाहेबांनी आपल्याला सर्व काही बुद्धीवर पारखून घ्यायला शिकवले आहे. तेव्हा पूर्वजन्म बाजूला ठेवा, गोष्ट गोष्ट म्हणून ऐका. सेरी राज्यातले दोन फेरीवाले नदी ओलांडून अंधपूर नावाच्या नगरीत माल विकायला गेले. त्यांनी गल्ल्या वाटून घेतल्या. एकाची फेरी झालेल्या गल्लीत मग दुसऱ्याने जायचे. तेथे एक आजी आणि नात राहत. घराणे पूर्वी श्रीमंत होते, आता दोघी मोलमजुरी करीत. नातीला एक दागिना हवासा वाटला. घरात पैसा नव्हता. भांड्यांत पडलेली एक मळकी थाळी होती. आजीने ती पहिल्या फेरीवाल्यापुढे ठेवली. त्याने पाठीमागे सुईने ओरखडा काढून पाहिला. सोने! त्याच्या मनात आले, फुकटात मिळवू. “याला अर्धा मासाही कुणी देणार नाही,” असे म्हणून त्याने थाळी जमिनीवर टाकली आणि निघून गेला. मागाहून दुसरा आला. त्याने थाळी पाहिली आणि म्हणाला, “आई, ही लाखाची आहे. एवढे माझ्यापाशी नाही.” आजी चकित झाली. ती म्हणाली, तुझ्यापाशी असेल ते दे. त्याने जवळची सारी पाचशे नाणी आणि पाचशेचा माल त्यांना दिला. वाटखर्चाला आठ नाणी, तराजू आणि पिशवी तेवढी मागून घेतली. पहिला परत आला तेव्हा थाळी गेली होती.

दोघांनाही तीच गोष्ट कळली होती, हे ध्यानात घ्या. ज्ञान सारखे होते. पहिल्याने आपले ज्ञान आजीच्या अज्ञानावर चालवले, दुसऱ्याने ते तिच्या ओंजळीत घातले. एकाने गुण लपवला, आपण दोष लपवतो, इतकाच फरक.

एजंट हसून म्हणाला, “सर, त्या दुसऱ्याला सोन्याची थाळी तरी मिळाली.” खरे आहे. खरे बोलणाऱ्याला दर वेळी थाळी मिळते असे मी त्याला सांगितले नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

मात्र एक गोष्ट मला या धंद्यात फार सलते, ती सांगून टाकतो. घर बघायला फोन केला की काही दलाल पहिला प्रश्न विचारतात, “आडनाव काय?” ते मालकाला कळवले जाते, आणि मग ‘घर गेले’ असा निरोप येतो. म्हणजे जे सांगण्याचे काहीच कारण नाही ते हे तत्परतेने सांगतात! घेणारा कोण आहे याची खडान्खडा माहिती विकणाऱ्याला; घर कसे आहे हे मात्र घेणाऱ्याला नाही. आपल्या मुलांनी हा धंदा करू नये असे मी म्हणत नाही. उलट करावा. पण हे दोन्ही उलटे करण्यासाठी करावा.

घेणाऱ्यांसाठीही चार शब्द. घोड्याचे तिसरे उदाहरण आठवा. स्पष्ट विचारा. “पाणी गळते का? भेगा पडल्या होत्या का? सोसायटीचे काही देणे बाकी आहे का? कोर्टात काही चालू आहे का?” विचारा, आणि पुढे म्हणा, “तुम्ही नाही म्हटले नाही तर सगळे ठीक आहे असे आम्ही समजतो.” तेवढेच लिहून सही घ्या. आजीने तोंडी विचारले. लिहून घेतले असते तर माझे हसणे मला महागात पडले असते. घर एकदा तरी पाऊस पडून गेल्यावर बघा. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला तर भिंतीला भेग जाते, म्हणून ताज्या रंगाच्या पट्ट्याकडे संशयाने पाहा. खालच्या मजल्यावरच्या माणसाशी दोन मिनिटे बोला.

आणि कागदातला दोष भिंतीतल्या दोषापेक्षा वाईट. ओल दिसते तरी. नागपुरात भूखंड घेताना नियमितीकरणाचे पत्र, ज्याला सगळे आर.एल. म्हणतात, ते आहे का आणि जागेवर आरक्षण नाही ना हे पाहा. नोटरीच्या कागदावर पैसे देऊ नका. पुणे-साताऱ्याकडच्या वाचकांनी सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले आहे का ते पाहावे. तिकडे पुष्कळ जमिनी मूळच्या महार वतनाच्या. वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक आणले. पुढे १९५८ च्या कायद्याने ती वतने गेली आणि जमिनी नव्या शर्तीने परत दिल्या गेल्या. अशी जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय आणि नजराण्याशिवाय प्लॉट पाडून विकता येत नाही. दलालाला हे ठाऊक असते. आपल्याच आजोबांच्या वतनाचा तुकडा, शर्त लपवून, आपल्याच नातवाला विकला जातो. याहून मोठी थट्टा कोणती?

असो. माझ्या घराचे काय झाले ते सांगतो. वह्या पाहिल्यावर आठ दिवसांनी मी आणि एजंट त्या घरी गेलो. तो यायला तयार नव्हता. त्याच्या आईने त्याला पाठवले. कोपऱ्यात बादली होती. जागा तीच. बुद्धमूर्ती त्यांनी त्या खोलीतून काढून पुढच्या खोलीत नेली होती. मी सांगितले की हे मला ठाऊक होते, चार वर्षे ठाऊक होते, आणि रंग त्यासाठीच दिला होता. सांगून झाल्यावर खरोखर छातीवरचे ओझे उतरले. त्या वाक्यात म्हटले होते तसेच. पण ते ओझे माझे होते. आजी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आता सांगितलं ते बरं झालं गुरुजी. पण मी तेव्हा विचारलं होतं ना?”

याचे उत्तर मला देता आले नाही.

दिवाळीनंतर गच्ची खरवडून नव्याने जलरोधक थर घातला. पन्नास हजार लागले. चाळीस मी दिले, दहा एजंटने आपल्या दलालीतून दोन हप्त्यांत दिले. कंडक्टर नको म्हणत होता. आजीने घ्यायला लावले. त्यानंतरच्या पावसाळ्यात कोपरा कोरडा राहिला. मुलगी दहावी झाली.

परवा एजंटचा फोन आला. एका फ्लॅटच्या न्हाणीतून खालच्या मजल्यावर पाणी जाते, असे त्याने घ्यायला आलेल्या माणसाला मालकासमोरच सांगितले.

“मग?” मी विचारले.

“सौदा मोडला सर. मालकाने दुसरा एजंट धरला.”

काय बोलावे मला सुचेना. त्यानेच पुढे सांगितले की तो घ्यायला आलेला माणूस मात्र अजून त्याच्याकडे येतो आहे, दुसरे घर बघायला. आणि त्या फ्लॅटच्या न्हाणीला कालच नवी फरशी बसवली आहे.